वसईची शरणागती आणि तीन चर्चांचे कलम

इंदूर येथील लालबाग राजवाडा पाहावयास येणाऱ्यांचे लक्ष प्रथम त्याच्या प्रवेशद्वारांकडे जाते. १८८६ ते १९२१ या काळात टप्प्याटप्प्याने बांधल्या गेलेल्या या वास्तूची लोखंडी फाटके लंडनमधील बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या नमुन्यावर इंग्लंडात ओतवून घेतली गेली व जहाजाने मुंबईस आणून पुढे इंदुरास पोहोचविण्यात आली. होळकरांच्या मांडलिकत्वाच्या काळातील ही वास्तू आहे, हे त्या फाटकांवरूनच कळून येते. परंतु त्याच घराण्याचा मूळ पुरुष सुभेदार मल्हारराव होळकर हा १७३९ साली मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या तटाखाली, एका युरोपीय सत्तेचे निशाण खाली उतरविणाऱ्या सैन्याच्या प्रमुख सरदारांपैकी एक होता, याची आठवण लालबागच्या दालनांतून हिंडणाऱ्यांस सहसा होत नाही. माळव्यातील मराठी भाषिकांस, आणि त्यांतही ख्रिस्ती वाचकांस, ही आठवण करून देण्याचे कारण असे की, त्या वेढ्याच्या शेवटी जो तह झाला त्यात धर्मासंबंधाने काही कलमे आहेत. आणि ती आपल्या इतिहासग्रंथांत एका ओळीपलीकडे क्वचितच चर्चिली गेली आहेत.

वसईच्या विजयाचे लष्करी वर्णन मराठीत विपुल आहे. ते पुन्हा सांगण्याचा येथे हेतू नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा तो इतकाच : दोनशे पाच वर्षे ज्या प्रदेशात राज्यकर्त्याचा धर्म हाच प्रजेचा धर्म व्हावा असा आग्रह चालला, तेथे सत्ता पालटताना धर्माचे काय झाले?

राजमुकुट आणि वेदी

पंधराव्या शतकात पोर्तुगालची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागली तेव्हा त्यांच्यामागे केवळ मिऱ्यांचा व सोन्याचा मोह नव्हता. पाचवा निकोलस या पोपने १४५५ साली काढलेल्या फर्मानाने नव्याने शोधलेल्या भूमीवर पोर्तुगीज राजास व्यापाराचा मक्ता मिळाला, आणि त्याबरोबर तेथे चर्चेस उभारण्याची, धर्मगुरू पाठविण्याची जबाबदारीही त्याच्यावर पडली. यातून ‘पाद्रोआदो’ नावाची व्यवस्था विकसित झाली. बिशपांच्या नेमणुकीसाठी नावे राजाने सुचवावयाची, त्यांचा खर्च राजाने सोसावयाचा, आणि त्याच्या परवानगीवाचून कोणा मिशनऱ्याने पूर्वेकडे पाऊल टाकावयाचे नाही, असे तिचे स्थूल स्वरूप होते. १४९४ च्या तोर्देसिलासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी जगाची वाटणी करून घेतली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतास पोहोचला. १५१० मध्ये गोवा पडले. पुढे हुमायूनच्या धास्तीने त्रस्त झालेल्या गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजीच्या तहाने वसई व तिच्या अंमलाखालील मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. मुंबईची बेटे आणि साष्टी ही त्यातच आली. म्हणजे वसईचा ख्रिस्ती इतिहास एका मुसलमान सुलतानाने मोगल बादशहाच्या भीतीने केलेल्या राजकीय तडजोडीतून सुरू होतो. सुवार्तेच्या प्रसाराशी त्या सहीचा काडीमात्र संबंध नव्हता.

(येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुंबईलगतचे साष्टी बेट आणि गोव्यातील साष्टी तालुका ही दोन वेगळी स्थळे होत. नामसादृश्यामुळे या दोहोंची गल्लत अनेक पुस्तकांत झालेली आढळते. पुढील विवेचनात जेथे गोव्याची साष्टी अभिप्रेत आहे तेथे तसा स्पष्ट उल्लेख केला आहे.)

वसई ही ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. कोटाच्या आत सरदारांचे वाडे, फ्रान्सिस्कन, जेज्विट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ, सेंट जोसेफचे मुख्य चर्च अशी शोभा वाढत गेली. कोटाबाहेर आगरी, कोळी, भंडारी, सामवेदी, वाडवळ यांची गावे होती. धर्मप्रसार झाला तो या गावांतून. तो केवळ बळजबरीने झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. रुग्णसेवा, शिक्षण, दुष्काळातील आधार आणि मिशनऱ्यांची वैयक्तिक निष्ठा यांचाही त्यात वाटा होता. परंतु बळजबरी झालीच नाही असे म्हणणे हा त्याहून मोठा अन्याय होय. बोरिवलीजवळील मंडपेश्वराचे शैव लेणे फ्रान्सिस्कनांनी आपल्या प्रार्थनामंदिरात परिवर्तित केले आणि त्याच्या माथ्यावर मठ उभारला. त्याचे अवशेष आजही कोणासही पाहता येतात. १५५९ च्या राजाज्ञेने पितृहीन हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती संस्थांत वाढविण्याची मुभा दिली. आई वा आजा-आजी हयात असताना मूल नेले जाणे, याहून अधिक खोल जखम कोणत्याही समाजास होऊ शकत नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत टिकले आणि उत्तर प्रांतही त्याच्या कक्षेत होता.

या बाबतीत एक विसंगती विशेष मननीय आहे. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. कोणासही बळाने वा धाकाने विश्वासात आणणे योग्य नव्हे, हे तत्त्व त्या परिषदेने आरंभीच मान्य केले. आणि त्याच परिषदेने हिंदूंची देवालये, धर्मग्रंथ, पुरोहित व जाहीर विधी यांवर बंदी घालण्याची शिफारस राजसत्तेस केली! तत्त्वात हृदयाचे स्वातंत्र्य मान्य करावयाचे, आणि व्यवहारात त्या हृदयापुढे दुसरा कोणताही मार्ग शिल्लक ठेवावयाचा नाही, अशी ही युक्ती होती. ती त्या परिषदेची एकटीची नव्हती. त्या शतकात बहुतेक सर्व पंथांच्या धर्मपंडितांनी ती कोठे ना कोठे वापरली आहे.

दुसऱ्या बाजूचे अनुभव

आपण प्रॉटेस्टंट परंपरेतील वाचक कधी कधी असे समजतो की, हा सर्व दोष रोमन पंथाचा. युरोपचा तत्कालीन इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये वाद उपस्थित केल्यापासून अडतीस वर्षांनी, १५५५ साली, आउग्सबुर्ग येथे जो समेट झाला त्याचे सार असे की, ज्याची भूमी त्याचा धर्म. राजा ल्यूथरपंथी तर प्रजा ल्यूथरपंथी. राजा कॅथलिक तर प्रजा कॅथलिक. ज्याला हे मानवत नसेल त्याने आपली मालमत्ता विकून कुटुंबासह दुसऱ्या राज्यात निघून जावे, एवढीच सवलत होती. कॅल्व्हिनपंथीयांना तर तीही नव्हती. इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक मिस्सा करणे हा गुन्हा ठरला होता.

मराठी भाषेस या इंग्लंडातील छळाचा एक अनपेक्षित लाभ झाला. थॉमस स्टीफन्स हा १५४९ च्या सुमारास जन्मलेला इंग्रज तरुण कॅथलिक विश्वासापायी स्वदेश सोडून रोमला गेला, जेज्विट संघात दाखल झाला, आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला. मायदेशी ज्या सत्तेने त्याच्या उपासनेस मज्जाव केला होता तसाच मज्जाव गोव्याच्या साष्टीत आपली सत्ता हिंदूंच्या उपासनेस करीत आहे, हे त्याच्या मनात आले असेल काय? त्याच्या लेखनात याचे उत्तर सापडत नाही. परंतु १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे त्याचे सहकारी जेज्विट गावकऱ्यांच्या हातून मारले गेले, त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलावून घेऊन असोळणे येथे कपटाने ठार केले, आणि हे सारे स्टीफन्सच्या कार्यक्षेत्रात घडले. १६१६ साली राशोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या तोंडून जी विनंती येते तिचा आशय असा की, आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही द्या. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या विनंतीचे उत्तर आहे. म्हणजे आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्याचा हा आद्य आणि थोर ग्रंथ एका रिकाम्या केलेल्या कपाटापुढे बसून लिहिला गेला. त्याची थोरवी सांगताना हे कपाट कोणी रिकामे केले हेही सांगितले पाहिजे.

आणि मग त्या भाषेवरच गदा आली. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीत गोवा पडता पडता वाचले. पुढल्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले. ते अंमलात येणे शक्य नव्हते, परंतु देशी ख्रिस्ती माणसाची भाषासुद्धा संशयास्पद ठरावी इतकी धर्म आणि राज्य यांची गाठ घट्ट बसली होती, एवढे त्यावरून दिसते.

या गाठीची किंमत वसईच्याच एका पुत्राने जपानात मोजली होती. संत गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांच्या पोटी १५५७ च्या सुमारास वसईस जन्मला आणि फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९६ साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागले. त्या प्रकरणातून मिशनरी हे परकीय स्वारीचे अग्रदूत होत, हा जपानी राज्यकर्त्यांचा संशय बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस साथीदारांसह गोन्सालोला क्रुसावर देहदंड झाला. त्याच्या व्यक्तिगत निष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु जहाजे, तोफा आणि वेदी ही एकाच मुकुटाच्या छायेत नसती, तर तो संशय इतका सहज पटला नसता.

वेढा

अठराव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांचे बळ ओसरले होते. १५८० ते १६४० या साठ वर्षांत ते स्पेनच्या मुकुटाखाली गेले व डचांचे वैर त्यांनी ओढवून घेतले. मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांकडे गेली. उत्तर प्रांताचे वैभव कोटाच्या आत साठले होते आणि कोटाबाहेर असंतोष. अंजूरचे गंगाजी नाईक अंजूरकर, मालाडचे अंताजी रघुनाथ आदि मंडळींनी पेशव्यांकडे साकडे घातले. धर्माचरणास होणारा अडथळा हे त्यांच्या गाऱ्हाण्यांपैकी एक ठळक गाऱ्हाणे होते. ‘साष्टीची बखर’ या प्रयत्नांची हकिगत सांगते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचाही या मोहिमेस जोराचा पाठिंबा होता. तथापि, ही मोहीम निव्वळ धर्मयुद्ध होती असे मानू नये. सुपीक साष्टी, ठाण्याची खाडी, बंदरांवरील जकात आणि आरमारासाठी किनारा, हे सर्व बाजीराव पेशव्यास हवेच होते.

१७३७ मध्ये ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला मराठ्यांनी घेतला. वसई मात्र त्या वर्षी पडली नाही. मधल्या काळात बाजीरावाने निजामास भोपाळपाशी कोंडून जानेवारी १७३८ मध्ये तहास भाग पाडले. त्यानंतर चिमाजीअप्पा स्वतः किनाऱ्यावर उतरला. १७३९ च्या जानेवारीत माहीम व तारापूर ही ठाणी पडली. तारापुरी बाजी भीवराव रेठरेकर कामी आला. फेब्रुवारीत वसईस वेढा बसला. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर असे मातब्बर सरदार तेथे जमले होते. त्याच वसंतात नादिरशहा दिल्ली लुटीत होता, आणि उत्तरेकडे धावून जाण्यास बाजीरावाजवळ फौज नव्हती, कारण ती वसईत गुंतली होती. तटाखाली सुरुंग पेरून मे महिन्यात निकराचा हल्ला झाला. मराठ्यांकडील मृत व जखमी मिळून पाच हजार आणि पोर्तुगीजांकडील आठशे, असे आकडे ग्रँट डफ देतो.

या वेढ्यातील एक प्रसंग विचार करावयास लावणारा आहे. वसईच्या अधिकाऱ्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. ख्रिस्ती म्हणून, शेजारी म्हणून आणि मित्रराष्ट्र म्हणून ती मिळावी अशी त्यांची अपेक्षा. इंग्रजांनी काही दारूगोळा पुरविला. रोख रक्कम मात्र पंधरा हजार रुपये, आणि तीही तारण घेऊन दिली. तारण काय होते? वसईच्या चर्चांतील चांदीची पात्रे व काही पितळी तोफा. प्रभूभोजनाची पात्रे आणि तोफा एकाच यादीत, एकाच सावकाराकडे! पाद्रोआदोच्या दोनशे वर्षांवर याहून बोलके भाष्य शोधून सापडणार नाही.

तहाची कलमे

सेनापती मार्तीं द सिल्व्हेरा मारला गेल्यावर कायतानो द सोझा परैरा याने पांढरे निशाण दाखविले. तहावर सह्या झाल्या त्या पोर्तुगीज कागदपत्रांनुसार १६ मे १७३९ रोजी. इंग्रजी व त्यांना अनुसरणाऱ्या मराठी ग्रंथांत मात्र हाच दिवस ५ मे असा येतो. दोन्ही बरोबर आहेत! तेरावा ग्रेगरी या पोपने १५८२ मध्ये दुरुस्त केलेली दिनदर्शिका पोर्तुगालने त्याच वर्षी स्वीकारली. इंग्लंडने, पोपची म्हणून, ती १७५२ पर्यंत नाकारली. तोवर दोहोंत अकरा दिवसांचे अंतर पडले होते. धर्मभेदाने सूर्याचाही हिशेब दोन प्रकारे मांडला गेला, आणि आपल्या शालेय पुस्तकांतील तारखांचा घोळ हा त्या भांडणाचा वारसा होय.

कलमांचा आशय पुढीलप्रमाणे होता. शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवीत, निशाणे फडकवीत, काही तोफा घेऊन सन्मानाने बाहेर पडावे. सरदार घराण्यांनी व इतर रहिवाशांनी आपली कुटुंबे व जंगम मालमत्ता घेऊन जावे. धर्मगुरूंनी व मठवासीयांनी चर्चांतील मूर्ती, पात्रे, अलंकार न्यावेत. जे ख्रिस्ती स्वेच्छेने मागे राहतील त्यांना आपल्या विश्वासानुसार देवाची उपासना करण्याची मोकळीक असावी. आणि तीन चर्चेस राखली जावीत : एक शहरात, एक कसब्यात म्हणजे बाहेरच्या मुलखात, व एक साष्टी बेटात.

ही कलमे मागितली कोणी व दिली कोणी, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. मागणारे पोर्तुगीज होते. दोन शतके ज्या सत्तेने आपल्या हिंदू प्रजेस जाहीर उपासनेची मोकळीक दिली नाही, तिनेच पराभवाच्या क्षणी आपल्या माणसांसाठी ती मोकळीक मागून घेतली. हे शब्द त्यांना नवे नव्हते. मुंबई इंग्रजांच्या हवाली करताना तेथील कॅथलिकांसाठी त्यांनी हीच हमी घेतली होती. उपासनेचे स्वातंत्र्य ही वस्तू काय मोलाची आहे हे त्यांना ठाऊक होते. ती दुसऱ्यासही लागते, एवढेच ठाऊक नव्हते. देणारा चिमाजीअप्पा होता. हजारो माणसे गमावलेल्या, धर्मरक्षणाच्या भावनेने भारलेल्या सैन्याच्या सेनापतीने ही मागणी नाकारली असती, तर त्या काळच्या रीतीप्रमाणे कोणी त्यास दोष दिला नसता.

त्याने ती का मान्य केली? औदार्य होतेच, शत्रूच्या बायकामुलांना त्याने सन्मानाने जाऊ दिले ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण व्यवहारही होता. पावसाळा तोंडावर आला होता, आणि चिखलात वेढा चालविणे अशक्य होते. शिवाय मागे राहणारे ख्रिस्ती म्हणजे कोळी, बागाईतदार, भातशेती करणारे कुळंबी. ते परागंदा झाले असते तर साष्टीचा वसूल कोणाकडून घ्यावयाचा? हेतूंची अशी सरमिसळ असली म्हणजे काही अभ्यासकांना ते कृत्य हलके वाटू लागते. मला तसे वाटत नाही. ज्या राजनीतीत प्रजेचा विश्वास सुरक्षित ठेवणे हेच हिताचे ठरते, ती राजनीती त्या शतकात फार थोड्या ठिकाणी आढळते. तुलना करून पाहावी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नांतचा जाहीरनामा १६८५ मध्ये रद्द केला तेव्हा प्रॉटेस्टंट प्रजेस उपासनाही नाकारली व देश सोडून जाणेही. साल्झबुर्गच्या आर्चबिशपने १७३१-३२ च्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार प्रॉटेस्टंटांना घराबाहेर काढले. त्याला वसई पडली तेव्हा आठ वर्षेही पुरती झाली नव्हती. आउग्सबुर्गच्या समेटाने निघून जाण्याचा हक्क दिला होता. वसईच्या तहाने निघून जाण्याचा आणि राहून उपासना करण्याचा, असे दोन्ही हक्क दिले.

परंतु तीनच चर्चेस, हेही विसरून चालणार नाही. उत्तर प्रांतात लहानमोठी अनेक चर्चेस होती. त्यांपैकी तिहींची हमी मिळाली, याचा अर्थ उरलेल्यांची मिळाली नाही. कोटातील भव्य मंदिरे ओस पडली आणि पडीक झाली. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून वाटल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणीसांनी बांधलेल्या घाटावर लटकणाऱ्या घंटा परंपरेने वसईच्याच मानल्या जातात. विजयानंतर नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देवालय उभे राहिले. धर्मांतरितांना शुद्ध करून परत घेण्याचे प्रयत्नही झाले. तथापि परत आलेल्यांना पूर्वीच्या जातीत पूर्वीचेच स्थान मिळणे सोपे नव्हते, आणि बहुसंख्य ख्रिस्ती आहेत तेथेच राहिले. पंक्तीला बसवून घेण्यास बंधू तयार नसतील तर माणूस ज्या पंक्तीत बसला आहे ती सोडून उठत नाही.

धर्मगुरूविना मंडळी

पोर्तुगीज २३ मे रोजी बाहेर पडले. त्यांच्यातील अनेकांनी पावसाळा मुंबईत काढला, आणि कित्येक मातब्बर घराण्यांस तेथे अन्नास महाग व्हावे लागले. १७४० मध्ये इंग्रज कॅप्टन इंचबर्डच्या मध्यस्थीने मराठे व पोर्तुगीज यांच्यात पुढचा तह झाला आणि चौलही मराठ्यांकडे आले. उत्तर प्रांताचा अध्याय येथे संपला.

मागे राहिलेली ख्रिस्ती मंडळी कशी जगली, हा प्रश्न ख्रिस्ती इतिहासकारास अधिक महत्त्वाचा. युरोपीय मठवासी बहुतेक गेले. त्यांच्या जागी गोव्याहून आलेले देशी धर्मगुरू सेवा करू लागले. पाद्रोआदोच्या भरभराटीत ज्यांना दुय्यम स्थान होते, ज्यांना युरोपीय संघांत सहसा प्रवेश मिळत नसे, तेच आता या कळपाचे मेंढपाळ झाले. १७६० च्या अखेरीस अँकेतील द्युपेराँ हा फ्रेंच प्रवासी, जो पुढे पारशांच्या अवेस्ताच्या भाषांतराने प्रसिद्ध झाला, साष्टीतून फिरला. ठाण्यास त्याने चर्चचा सण पाहिला. देशी धर्मगुरू, मोठा समुदाय, रस्त्यांतून मोकळेपणाने जाणारे येणारे ख्रिस्ती, आणि कोणाचाही उपद्रव नाही, हे पाहून या कॅथलिक गृहस्थास नवल वाटले. तहास तेव्हा एकवीस वर्षे लोटली होती. चिमाजीअप्पा १७४० च्या अखेरीसच निवर्तला होता. म्हणजे त्याच्या शब्दाची मर्यादा त्याच्या मागूनही पाळली गेली, आणि ती तीन इमारतींपुरती राहिली नाही.

राजसत्तेचे छत्र गेल्यावर हा समाज विरून जाईल असे भाकीत १७३९ मध्ये कोणी केले असते तर ते चुकीचे मानले गेले नसते. परंतु वसईच्या गावोगावच्या ख्रिस्ती लोकांनी आपली बोली, आपला पेहराव, लग्नातील गाणी आणि शेतीची अवजारे सोडली नव्हती, तसाच विश्वासही सोडला नाही. छत्राखाली लावलेले रोप छत्र काढल्यावर जगले, त्याअर्थी त्याची मुळे कोठेतरी मातीपर्यंत पोहोचली असली पाहिजेत. हे सांगताना छत्राचे समर्थन होत नाही, हेही ओघाने आलेच.

इंग्रजांनी साष्टी डिसेंबर १७७४ मध्ये घेतली. वसई १७८० मध्ये त्यांच्या हाती पडली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने परत आली, आणि मग तिच्या इतिहासात होळकर दुसऱ्यांदा आले, या वेळी उलट्या दिशेने. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे यशवंतराव होळकराने पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला तो इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोहोचला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथेच त्याने तैनाती फौजेचा तह करून मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. आजोबांच्या पिढीने जेथे एक युरोपीय निशाण उतरविले होते, तेथेच दुसरे चढले. महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकर मांडलिक झाले व इंदूर ही त्यांची राजधानी झाली. लालबागच्या फाटकांचा उगम या तहात आहे.

याच इंदुरात १८७७ पासून कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने कार्य आरंभिले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले. आरंभीच्या वर्षांत बाजारपेठेतील उपदेशावरून होळकर दरबार व मिशन यांच्यात खटके उडाले, आणि मिशनऱ्यांनी रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रजी सत्तेच्या, आधाराकडे वेळोवेळी पाहिले. पाद्रोआदोची छाया म्हणावी एवढी ती गडद नव्हती. पण तिच्याशी अगदी अपरिचितही नव्हती. आपल्या प्रांतातील मंडळीचा इतिहास जो कोणी लिहील त्यास या पत्रव्यवहाराकडे डोळेझाक करून चालणार नाही.

योगायोगाने त्याच १८८७ साली मुंबई व साष्टीतील मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी, गोव्याहून आलेल्या बांधवांपासून आपली ओळख निराळी राहावी म्हणून, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. वसईच्या ख्रिस्ती समाजाने पुढे मराठी साहित्यात जी भर घातली ती सर्वांस विदित आहे. नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे ‘सुबोध’ मराठी रूपांतर सिद्ध केले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या निवडीच्या वेळी, धर्मगुरूस हे पद कसे, असा आक्षेप काहींनी घेतला होता. संमेलन मात्र ठरल्याप्रमाणे पार पडले.